मैदान गावात की गावाबाहेर?

फुटबॉलचे पूर्ण आकाराचे मैदान 105 मीटर लांब आणि 68 मीटर रुंद असते. एवढ्यालाच पावणेदोन एकर सपाट जमीन लागते. त्याभोवती 400 मीटरची आठ पदरी धावपट्टी आखली की हिशेब चार एकरांवर जातो. प्रेक्षकांच्या पायऱ्या, खेळाडूंच्या खोल्या, स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि ये-जा करण्याचे रस्ते धरले तर आठ-दहा एकरही भराभर संपतात. इतकी सलग, सपाट आणि कोरडी जमीन वस्तीच्या मध्यभागी सहसा उरलेली नसते. वस्तीबाहेर ती मिळते, पण तिथवर रोज जाणार कोण, हा प्रश्न उभा राहतो. स्टेडियमच्या जागेवरून होणाऱ्या बहुतेक वादांचे मूळ या पेचात आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्यासारख्या गावात महाविद्यालयीन मुलांसाठी मैदान आखायचे असो की मुंबईत लाखभर प्रेक्षकांचे स्टेडियम उभारायचे असो, पेच हाच असतो. आकडे मात्र बदलतात. महाराष्ट्रात गेल्या नव्वद वर्षांत या पेचाची वेगवेगळी उत्तरे शोधली गेली. त्यातली काही यशस्वी ठरली, काहींची किंमत प्रेक्षकांना अजून मोजावी लागते.

चर्चगेटची दोन स्टेडियमे

भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. प्रेक्षकांसाठी तात्पुरते मांडव घालावे लागले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाला मुंबईत कायमचे स्टेडियम हवे होते. क्लबच्या वतीने अँथनी डी'मेलो यांनी त्यासाठी सरकारकडे जागा मागितली ती बॅक बेच्या भरावातली. समुद्र हटवून तयार केलेल्या या जमिनीवर कोणाची घरे नव्हती, शेते नव्हती आणि चर्चगेटचे स्थानक हाकेच्या अंतरावर होते. सुमारे 90 हजार चौरस यार्ड जमीन चौरस यार्डाला साडेतेरा रुपये दराने मिळाली. 1937 च्या डिसेंबरात उघडलेल्या स्टेडियमला मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव दिले गेले.

पुढे तीन दशके मुंबईचे मोठे सामने ब्रेबॉर्नवर झाले. मैदान मात्र क्लबच्या मालकीचे होते आणि सामने भरवणारी संस्था होती बॉम्बे क्रिकेट असोसिएशन. तिकिटांच्या वाटपावरून दोघांचे खटके उडत राहिले आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते विकोपाला गेले. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे मूळचे नागपूरचे. त्या काळात ते विधानसभेचे अध्यक्षही होते. त्यांनी स्वतंत्र स्टेडियमचा निर्धार केला. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार सुमारे वर्षभरात ते उभे राहिले. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली आणि क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 धावा केल्या. हे नवे वानखेडे स्टेडियम ब्रेबॉर्नपासून किलोमीटरभराच्या आत आहे.

एवढ्या जवळ दुसरे स्टेडियम बांधणे हा वरकरणी पैशांचा अपव्यय वाटतो. जागेच्या दृष्टीने मात्र दोन्ही निवडी अचूक होत्या. लोकलने उतरून पायी जाता येते, त्यामुळे वाहनतळाचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. सामना नसतानाही आसपासच्या मैदानांवर खेळणारी मुले असतात. वाद जमिनीवरून झालाच नव्हता, तो मालकीवरून झाला होता. मैदान कुठे असावे हे ठरवतानाच ते कोणाच्या ताब्यात असेल हेही ठरवून घेतले नाही तर काय होते, याचा हा धडा चर्चगेटला दोन स्टेडियमांच्या रूपाने उभा आहे.

मध्यवर्ती जागेची मर्यादाही वानखेडेवरच दिसली. 2011 च्या विश्वचषकासाठी त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हा सुटसुटीत आसने आणि सुरक्षित वाटा यांच्यासाठी प्रेक्षकक्षमता कमी करावी लागली. ती आता 33 हजारांच्या आसपास आहे. एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला इमारती असल्याने वाढायला वाव नाही. म्हणूनच त्याच असोसिएशनने, म्हणजे आताच्या मुंबई क्रिकेट असोसिएशनने, लाखभर आसनांच्या स्टेडियमची कल्पना मांडली तेव्हा जागा सुचली ती ठाणे जिल्ह्यातल्या अमणेची, म्हणजे चर्चगेटपासून साठहून अधिक किलोमीटर दूर.

नागपूर: सिव्हिल लाइन्स ते जामठा

विदर्भाच्या वाचकाला हा प्रश्न सर्वांत जवळून दिसला तो नागपुरात. सिव्हिल लाइन्समधल्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर 1969 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी झाली. 1987 च्या विश्वचषकात चेतन शर्माची हॅटट्रिक आणि सुनील गावसकरांचे एकदिवसीय सामन्यांतले एकमेव शतक याच मैदानावर एकाच दिवशी पाहायला मिळाले. विधानभवन, उच्च न्यायालय, सदरची बाजारपेठ सारे जवळ. शहराच्या कुठल्याही भागातून सायकलीने येऊन सामना पाहता येत असे. भंडारा-तुमसरकडून येणारा माणूसही बसस्थानकावर किंवा रेल्वे स्थानकावर उतरून थोड्या वेळात मैदानात पोहोचे.

पण मैदानाभोवती शहर दाट होत गेले. प्रेक्षक वाढले तशी जुन्या जागेत बांधकामाची भर पडत गेली. नोव्हेंबर 1995 मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्याच्या मधल्या सुट्टीत तिथली भिंत कोसळून प्रेक्षकांचे बळी गेले. दाटीतल्या स्टेडियमवर गर्दीचा ताण किती येतो, हे त्या दुर्घटनेने दाखवले. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी दिवे, प्रसारणाच्या सोयी, सरावाची मैदाने आणि हजारो वाहनांची जागा हवी, हे स्पष्ट होत गेले तसा शहराबाहेरच्या जागेचा पर्याय पुढे आला.

ती जागा मिळाली वर्धा मार्गावरच्या जामठ्याला, शहराच्या मध्यापासून पंधरा किलोमीटरहून जास्त अंतरावर. सुमारे 45 हजार प्रेक्षकांचे हे स्टेडियम 2008 मध्ये खुले झाले. नोव्हेंबर 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिथे झालेली पहिली कसोटी सौरव गांगुलीची अखेरची कसोटी ठरली. खेळपट्टी, पाण्याचा निचरा, खेळाडूंच्या सोयी आणि प्रेक्षकांना सर्व बाजूंनी मिळणारे स्वच्छ दृश्य यांबाबत जामठा जुन्या मैदानापेक्षा कितीतरी सरस आहे.

उणीव उरली ती पोहोचण्याची. कसोटी पाच दिवस चालते. कामधंदा सांभाळून दुपारनंतर तासभर डोकावण्याची सोय सिव्हिल लाइन्सला होती, ती जामठ्याला राहिली नाही. रात्री संपणाऱ्या सामन्यानंतर सारी गर्दी एकाच महामार्गावर येते आणि वर्धा मार्ग तुंबतो. नागपूर मेट्रोची पहिल्या टप्प्यातली मार्गिका खापरीच्या पुढे जामठ्यापर्यंत गेली नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या दुसऱ्या टप्प्यात बुटीबोरीच्या दिशेने जाणारा मार्ग जामठ्यावरून आखला आहे. म्हणजे स्टेडियम आधी आणि वाहतूक दीड-दोन दशकांनी, असा क्रम लागला.

नागपूरच्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र दखल घेण्याजोगी आहे. नवे स्टेडियम झाले म्हणून असोसिएशनने जुने मैदान मोडीत काढले नाही. सिव्हिल लाइन्सला सराव आणि स्थानिक सामने चालू राहिले. मोठ्या गर्दीचे काम गावाबाहेर आणि रोजच्या खेळाचे काम गावात, अशी वाटणी झाली. विदर्भाने 2017-18 मध्ये रणजी करंडक जिंकला, पुढच्या वर्षी तो राखला आणि 2024-25 मध्ये पुन्हा मिळवला. या यशाचे श्रेय एकट्या स्टेडियमला देता येणार नाही, पण शहरातले मैदान शाबूत राहिल्याचा फायदा घडणाऱ्या खेळाडूंना झालाच.

पुण्याची दोन उत्तरे

पुण्यात स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महापालिकेच्या मालकीचे. 1996 च्या विश्वचषकात केनियाने वेस्ट इंडीजला हरवले ते इथेच. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने पुढे स्वतःचे स्टेडियम मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे बांधले. ब्रिटनमधल्या हॉपकिन्स या वास्तुसंस्थेने आखलेले हे स्टेडियम 2012 मध्ये खुले झाले. मुंबईहून मोटारीने येणाऱ्याला ते सोयीचे आहे. पुण्याच्या पेठांतून दुचाकीवर किंवा बसने निघणाऱ्यासाठी मात्र तो अर्ध्या दिवसाचा प्रवास ठरतो. जागेची निवड म्हणजे प्रेक्षकाची निवड असते, ते अशा ठिकाणी कळते.

बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल हे दुसरे उत्तर. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवारात उभारले गेले तेव्हा ती जागा शहराबाहेर होती. स्पर्धा संपल्यावर अशी संकुले ओस पडतात, असा जगभरचा अनुभव आहे. बालेवाडी त्यातून सावरली याची दोन कारणे दिसतात. एक म्हणजे तिथे निवासी क्रीडा प्रबोधिनी चालवली गेली. खेळाडू तिथेच राहत असल्याने अंतराचा प्रश्न मिटला. दुसरे म्हणजे हिंजवडीच्या वाढीबरोबर शहरच बालेवाडीपर्यंत चालत आले. 2008 च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा तिथे झाल्या आणि पुढे इंडियन सुपर लीगचे फुटबॉल सामनेही. वेगाने वाढणाऱ्या शहराच्या वाटेवर जागा धरणे हा जुगार बालेवाडीत फळला. ज्या गावाची लोकसंख्या स्थिर आहे, तिथे मात्र वस्ती मैदानापर्यंत येईल या भरवशावर राहता येत नाही.

शिक्षणसंस्थेच्या आवारातले स्टेडियम

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या आवारात मोठे स्टेडियम असावे का, या प्रश्नाचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नवी मुंबईत नेरूळला आहे. डॉ. डी. वाय. पाटील विद्यानगरातले स्टेडियम हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्यानुसार बांधले गेले आणि मार्च 2008 मध्ये खुले झाले. त्याची क्षमता सुमारे 55 हजार आहे. क्रिकेटसाठी बांधलेल्या या मैदानावर 2017 ची 17 वर्षांखालील मुलांची आणि 2022 ची 17 वर्षांखालील मुलींची जागतिक फुटबॉल स्पर्धा यांतले सामनेही खेळले गेले. 2 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय महिला संघाने एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तोही इथेच.

नेरूळची जागा जमून आली ती आखीव शहरामुळे. हार्बर मार्गावरची स्थानके आणि शीव-पनवेल महामार्ग दोन्ही जवळ आहेत. आवारात वसतिगृहे आणि शिकवण्याच्या इमारती असल्याने परिसर वर्षभर जागता राहतो. उलट बाजूही आहे. शैक्षणिक संस्थांच्या भोवतालचा 100 मीटरचा पट्टा ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात येऊ शकतो. परीक्षेचे दिवस आणि सामन्यांचे दिवस एकाच महिन्यात आले की आवारातल्या स्टेडियमचा विद्यार्थ्यांना फायदा होतो की त्रास, हा प्रश्न सुटता सुटत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा लाखो प्रेक्षकांचा खेळ आहे. तो तिथला वेगळा, अंडाकृती चेंडूचा फुटबॉल. प्रेक्षक एवढे असल्याने आवारातल्या स्टेडियमचा वाद तिथे शंभर वर्षे चालू आहे. हार्वर्डने 1903 मध्ये आणि येलने 1914 मध्ये आपापली स्टेडियमे बांधली. मिशिगन विद्यापीठाच्या 1927 च्या स्टेडियमची आजची क्षमता लाखाच्या वर आहे. मिनेसोटा विद्यापीठाचा संघ 1982 मध्ये आवार सोडून शहरातल्या छत असलेल्या स्टेडियममध्ये खेळायला गेला आणि 2009 मध्ये आवारातल्या नव्या स्टेडियममध्ये परतला. कोलोरॅडो राज्य विद्यापीठाचे मैदान 1968 पासून शहराबाहेर टेकड्यांच्या पायथ्याशी होते. गर्दी, गोंगाट आणि खर्च यांवरून नागरिकांनी वर्षानुवर्षे हरकती घेतल्या, तरीही 2017 मध्ये आवारातच नवे स्टेडियम उघडले. आवार सोडून गेलेली विद्यापीठे परत येतात त्यामागचे कारण सरळ आहे. विद्यार्थ्याला वर्गातून उठून चालत जाता आले तर तो येतो, गाडीची सोय करावी लागली तर बहुतेकदा येत नाही. उलट उदाहरणही आहे. लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ आपले घरचे सामने सुमारे 40 किलोमीटर दूरच्या पासाडेनात, 1922 च्या रोझ बोल स्टेडियमवर खेळत आले आहे. दाट वस्तीत नवी जागा मिळत नाही, तेव्हा अशी तडजोड होते.

खेळ आहे तिथे मैदान

महाराष्ट्रात आणि गोव्यात फुटबॉल रुजला तो वस्त्यांत. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. त्यांचे सामने शहराच्या मध्यात असलेल्या राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात आणि गल्ल्यांतून लोक पायीच येतात. त्याआधी शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधलेले खासबागचे कुस्ती मैदानही गावाच्या काळजात आहे. जमीन खोदून मध्यभागी खोलगट हौदा आणि भोवती चढते बांध अशी रचना असल्याने खांबांशिवाय हजारो लोकांना कुस्ती दिसते. गोव्यात 1989 मध्ये जवाहरलाल नेहरू स्टेडियम बांधले ते राजधानी पणजीत नव्हे, मडगावजवळच्या फातोर्ड्याला. फुटबॉलवेडा सासष्टी तालुका त्याच्या भोवताली आहे. नागपूरजवळ कामठीला लष्करी छावणीमुळे फुटबॉल आला आणि रब्बानी क्लबसारख्या संघांनी तो टिकवला.

या ठिकाणी आधी खेळ होता, मग मैदान पक्के झाले. क्रम उलटा लावला, म्हणजे मैदान आधी बांधून खेळाडू येतील अशी वाट पाहिली, की पायऱ्यांवर गवत उगवते.

पूर्व विदर्भातली जमीन

मुंबई-पुण्याच्या उदाहरणांत न दिसणारा एक भाग भंडारा जिल्ह्यात कळीचा ठरतो, तो म्हणजे सातबाऱ्यावरची नोंद. गावाजवळची मोकळी दिसणारी जमीन खरोखर मोकळी असतेच असे नाही. जुन्या मध्य प्रांताचा भाग असल्याने इथल्या गावांत निस्तार हक्कांची परंपरा आहे. चराई, जळण, खळे, स्मशान, गुरांची वाट यांसाठी राखलेल्या जमिनींची नोंद निस्तार पत्रकात असते. ही जमीन कोणाच्याही नावावर नसली तरी साऱ्या गावाच्या वापरातली असते.

गायरानाचे बंधन वेगळे. जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांविरुद्ध कडक भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या 12 जुलैच्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने गायरान जमीन देण्यावर मर्यादा घातल्या. सार्वजनिक कामासाठी दुसरी जमीन नसेल तरच तिचा विचार होऊ शकतो.

तिसरी गुंतागुंत झुडपी जंगलाची. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. त्यांतल्या पुष्कळ जमिनींवर प्रत्यक्षात शाळा, कार्यालये, वस्त्या आणि मैदाने झाली. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनीच समजाव्यात असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी दिलेल्या जमिनींचा वापर नियमित करण्याचा मार्ग न्यायालयाने ठेवला. यापुढे अशा जमिनीवर वनेतर काम करायचे तर 1980 च्या वन कायद्याची परवानगी घ्यावीच लागेल. मुरमाड बरडीवरची सपाट, ओसाड जागा पाहून मैदानाचा ठराव करण्याआधी तलाठ्याकडे नोंद तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते.

उरते खासगी जमीन, आणि ती बहुधा धानाची बांधी असते. ओलिताची बांधी घेणे म्हणजे एखाद्या कुटुंबाचे उत्पन्न घेणे. शिवाय धुरे मोडून, पातळीत आणून, मुरूम भरून ती खेळण्याजोगी करण्याचा खर्च जमिनीच्या किमतीवर चढतो.

माती, पाणी आणि ऊन

भंडाऱ्यात वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे मैदानाचा पहिला गुण निचरा. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या जुन्या वर्गवारीत कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बरडी असे मातीचे प्रकार आहेत. काळी भारी कन्हार पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर धावपट्टी टिकवायची तर खालचा थर काढून मुरूम आणि खडी भरावी लागते. मुरमाड बरडी धानाला हलकी, पण मैदानाला चांगली.

नदीकाठची सपाटी मोहात पाडते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरात भंडारा शहरासह काठची गावे पाण्याखाली गेली. पूररेषेच्या आतले मैदान एका पुरात गाळाने भरते. दुसऱ्या टोकाला उन्हाळा. हिरवळ जगवायला रोज पाणी लागते. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले ते पाण्याच्याच मुद्द्यावर. ग्रामीण मैदानात हिरवळीचा आग्रह धरण्यापेक्षा घट्ट दाबलेली, गवताळ मुरमाची जमीन परवडते.

मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवतात. तसे नसेल तर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एका गोलरक्षकाच्या डोळ्यांवर सूर्य येतो. लांबट पट्टीची जागा पूर्व-पश्चिम पसरलेली असेल तर एकर पुरेसे असूनही ती नाकारावी लागते.

सिहोऱ्यासाठी कसोट्या

सिहोरा हे तुमसर-बपेरा मार्गावरचे, आसपासच्या गावांचे बाजाराचे आणि शाळा-महाविद्यालयाचे ठिकाण. मध्य प्रदेशची सीमा इथून जवळ. एका बाजूला वैनगंगा आणि बावनथडी, दुसऱ्या बाजूला डोंगराच्या पायथ्याचा चांदपूर तलाव. बावनथडीचे पाणी सोंड्याटोला उपसा सिंचन योजनेने चांदपूर तलावात सोडले जाते आणि तिथून परिसराच्या धानाला मिळते. थोडक्यात, सखल भागात ओलिताची शेती आणि पुराची भीती, उंच भागात झुडपी जंगलाची नोंद. दोन्हींच्या मधला, रस्त्याला लागून असलेला आणि पाणी न साचणारा तुकडा शोधणे ही इथली खरी कामगिरी.

शासनाच्या 2001 च्या क्रीडा धोरणानंतर तालुका, जिल्हा आणि विभाग पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याचा कार्यक्रम आला. 2022 मध्ये त्यासाठीची अनुदानमर्यादा तालुक्याला 5 कोटी, जिल्ह्याला 25 कोटी आणि विभागाला 50 कोटी रुपये करण्यात आली. पण तालुक्याचे संकुल तालुक्याच्या गावीच उभे राहते. सिहोरा तालुक्याचे ठिकाण नसल्याने इथल्या मुलांच्या वाट्याला तुमसरचे किंवा भंडाऱ्याचे संकुल येते. रोजच्या सरावासाठी ते दूर पडते. अशा मधल्या गावांसाठी ग्रामपंचायत, शाळा किंवा महाविद्यालय यांच्या जागेवर क्रीडांगण विकासाचे अनुदान घेणे हा जवळचा मार्ग आहे. तिथे ब्रेबॉर्न-वानखेडेचा धडा कामी येतो. जागा संस्थेची आणि वापर गावाचा असेल, तर सकाळी किती वाजता फाटक उघडेल, सुट्टीत किल्ली कोणाकडे राहील, बाहेरच्या संघाला मैदान मिळेल का, हे करारात आधीच लिहावे लागते.

अशा मैदानाचे रोजचे ग्राहक कोण, ते सांगायला पाहणीची गरज नाही. पूर्व विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावर पहाटे पाच वाजता पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावे लागते, शिवाय 100 मीटर धाव आणि गोळाफेक. 400 मीटरच्या धावपट्टीवर तेच अंतर चार आणि दोन फेऱ्यांत बसते, वेळ नेमकी मोजता येते आणि ट्रकच्या दिव्यांपुढून पळावे लागत नाही. त्यामुळे सिहोऱ्यासारख्या ठिकाणी पायऱ्यांवर पैसा घालण्याआधी धावपट्टी, मुलींसाठी स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि दोन-चार दिवे यांना अग्रक्रम द्यायला हवा.

मुलींचा विचार जागेवरही परिणाम करतो. बसथांब्यापासून मैदानापर्यंतची वाट निर्जन असेल तर संध्याकाळच्या सरावाला मुली येणार नाहीत. एसटीचा मोफत पास असला तरी शेवटची बस चुकली की घरी जाण्याचा प्रश्न उरतो. शाळा-महाविद्यालयाला लागून, वस्तीच्या नजरेत असलेली पाच एकर जागा गावाबाहेरच्या पंधरा एकरांपेक्षा त्यांना जास्त उपयोगी पडते.

मोकळ्या जागेचे इतर दावेदारही गृहीत धरावे लागतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, रात्री दंडार हे लोकनाट्य होते. शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतींची, हौस या जिल्ह्यात जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये घातलेली बंदी 2021 मध्ये उठली आणि 2023 मध्ये शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरला, तेव्हापासून पट पुन्हा भरू लागले. धान खरेदीच्या हंगामात पोत्यांच्या थप्पींना जागा लागते. बैलांच्या खुरांनी आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी धावपट्टी एका दिवसात उखडते. ही कामे बंद पाडता येत नाहीत आणि पाडूही नयेत. मंडई आणि पटासाठी वेगळी जागा ठरवली तरच खेळाची जागा खेळाला उरते.

निर्णयाचा क्रम

जागेचा वाद बहुधा दोन-तीन ठिकाणांची नावे पुढे येऊन सुरू होतो आणि प्रत्येक नावामागे एक गट उभा राहतो. तो टाळायचा तर ग्रामसभेत आधी कसोट्या ठरवाव्यात आणि मग जागा तपासाव्यात. पहिली कसोटी वापराची: रोज किती जण येतील आणि त्यांतले किती पायी किंवा सायकलीने येऊ शकतील. दुसरी नोंदीची: सातबारा, निस्तार पत्रक, वन नोंद आणि पूररेषा. तिसरी जमिनीची: मातीचा प्रकार, उतार, निचरा आणि उत्तर-दक्षिण लांबी. चौथी ताब्याची: मालक कोण, वापराचा करार काय. पाचवी देखभालीची: गवत कापणे, पाणी मारणे, धावपट्टी दाबणे आणि दिव्यांचे बिल भरणे यांचा वार्षिक खर्च कोण उचलणार.

या क्रमात प्रेक्षकांची क्षमता शेवटी येते. मोठा सामना वर्षातून मोजके दिवस असतो आणि त्यासाठी तात्पुरता मांडव घालता येतो, जसा 1933 मध्ये मुंबईतही घालावा लागला होता. उरलेले दिवस मैदान सरावाचे असते. जामठ्याचे सामने आणि सिव्हिल लाइन्सचा सराव ही नागपूरची वाटणी लहान गावालाही लागू पडते. गर्दीचे सोहळे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संकुलात व्हावेत, रोजचा खेळ मात्र महाविद्यालयाच्या शेजारी, चालत जाता येईल अशा अंतरावर असावा. तेवढी जागा आज मिळत नसेल तर धावपट्टी वगळून फक्त फुटबॉलचे मैदान, म्हणजे पावणेदोन एकर आणि भोवती थोडी मोकळी जागा, एवढ्यावरही सुरुवात करता येते. लागून असलेला तुकडा पुढच्या विस्तारासाठी ग्रामपंचायतीच्या ठरावाने राखून ठेवला की पुढच्या पिढीला जागा शोधत गावाबाहेर जावे लागणार नाही.